घसारा

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हिशोबशास्त्र शिकवणारे सर फळ्यावर 'घसारा' हा शब्द इतका दाबून लिहीत, की तेवढ्यात निम्मा खडू संपायचा. घसारा म्हणजे वापरामुळे किंवा काळ लोटल्यामुळे मालमत्तेच्या किमतीत होत जाणारी घट. यंत्राला घसारा, इमारतीला घसारा, टेबलखुर्चीला घसारा. त्याच्या मुख्य पद्धती दोन. स्थिर हप्ता पद्धतीत मालमत्ता दरवर्षी सारखीच झिजते आणि एक दिवस शून्यावर येते. घटत्या शिलकीच्या पद्धतीत ती उरलेल्यातली थोडी थोडी झिजते, त्यामुळे शून्यावर कधी येतच नाही. काही ना काही उरतंच. सरांचं वय बघता ते स्वतः दुसऱ्या पद्धतीचे असावेत, असा वर्गाचा अंदाज होता.

पुढे बँकेत चिकटलो आणि कळलं, की घसारा हा बहुतेक कागदावरचा मामला आहे. ज्या खुर्चीची किंमत आमच्या शाखेच्या पुस्तकात एक रुपया उरली आहे, तिच्यावर बसून मी गेली अकरा वर्षं पगार घेतो. खुर्चीला काही झालेलं नाही. झालं असेल तर मला. खराखुरा, शब्दशः घासून होणारा घसारा मी आयुष्यात एकाच मालमत्तेत पाहिला. ती म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड.

बघा ना. एलपीच्या एका बाजूला शेकडो रेघा दिसतात, पण ती असते एकच एक खाच, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. तिच्यातून हिऱ्याची सुई फिरते. हिऱ्यासारखा कठीण दगड नाही, आणि रेकॉर्ड बिचारी प्लॅस्टिकची. म्हणजे गाणं ऐकायचं याचा अर्थ हिऱ्याने प्लॅस्टिक घासायचं. सुई हलकी असेल, धूळ पुसलेली असेल, तर एका खेपेला इतकं थोडं झिजतं की कानाला पत्ता लागत नाही. पण झिजतं. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींची तर आणखीच तऱ्हा. त्या लाखेच्या. झाडावरच्या किड्यांनी केलेली लाख, आपल्याच देशातून जगभर जायची. तिच्यात दगडाची भुकटी मिसळलेली असे, आणि पोलादी सुईने त्या भुकटीवर घासून घासून खाचेच्या मापाचं व्हावं, अशी मुळातच योजना असे. म्हणून दर बाजूला सुई बदलायची. रेकॉर्ड सुईला झिजवणार, सुई रेकॉर्डला झिजवणार, आणि त्या झटापटीतून तीन मिनिटं अब्दुल करीम खाँसाहेब ऐकू येणार. ज्यांच्या लग्नाला वीसेक वर्षं झाली आहेत, त्यांना ही योजना जास्त समजावून सांगायला नको.

आता यातून एक नैतिक प्रश्न निघतो. बँकेतल्या माणसाने नैतिक प्रश्नांत पडू नये, त्याच्यासाठी परिपत्रकं असतात. पण हा प्रश्न कुठल्या परिपत्रकात नाही. जी वस्तू उपभोगली की कमी होते, ती उपभोगावी की जपून ठेवावी?

घरोघर हा प्रश्न पडलेला असतो, फक्त त्याला कोणी नैतिक म्हणत नाही. शोकेसमधला चिनी मातीचा कपांचा सेट पाहुण्यांसाठी असतो. पाहुणे आले की 'हे काय परके आहेत?' म्हणून त्यांना स्टीलच्या पेल्यातून चहा मिळतो. जे खरोखर परके असतात ते चहाला थांबत नाहीत. लाडवांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सोपा आहे, कारण ठेवले तरी ते बिघडतात, आणि निर्णय मुंग्या घेतात. रेकॉर्डचं तसं नाही. उन्हापासून लांब, सरळ उभी ठेवली, तर ती पन्नास वर्षं आहे तशी राहते. तिला धोका एकच. ऐकण्याचा.

आमचे सासरे सेल्स टॅक्समधून निवृत्त झाले. मुलुंडला राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्याकडे तीनशेच्या वर एलपी आहेत. त्यात उस्ताद अमीर खाँची १९६० सालची ती प्रसिद्ध एलपी आहे, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. तिच्या त्यांच्याकडे दोन प्रती आहेत. एक वापरायची. एक ठेवणीतली.

पहिली प्रत त्यांनी नोकरी लागल्यावर घेतली. फेब्रुवारी १९७४ मध्ये अमीर खाँ कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. ही बातमी वाचल्यावर बाबांनी पगार हातात पडायची वाट बघितली आणि त्याच दिवशी दुकानात जाऊन तीच एलपी पुन्हा विकत घेतली. "नवीन मारवा आता होणार नव्हता," एवढंच ते सांगतात. ती दुसरी प्रत त्यांनी आजतागायत लावलेली नाही. दर खंडेनवमीला कपाटातून निघते, कव्हर मऊ फडक्याने पुसलं जातं, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं जातं (पाटाला, कव्हरला डाग पडतो) आणि पुन्हा कपाटात जाते. शस्त्राची पूजा व्हावी आणि लढाई कधी होऊ नये, असा हा प्रकार.

वापरायच्या प्रतीवर मारव्याच्या बाजूला एक चरा आहे. सुई तिथे आली की 'टक्' होतं. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, नेमक्या तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्या घेते. म्हणजे एका फेरीला एक पूर्णांक आठ सेकंद, आणि तेवढ्या अंतराने टक्, टक्, टक्, असं मिनिटभर चालतं. मग चरा संपतो. हा चरा आमच्या हिने पाडलेला आहे. वय वर्षं चार असताना, स्टुलावर चढून, बाबांना मदत म्हणून. झूमऱ्यासारखा संथ ताल, त्यात खाँसाहेब एकेक सूर तोलून मापून ठेवताहेत, आणि मधूनच आमच्या हिची साथ. घरात त्या मिनिटाला सगळे गप्प बसतात. मी जावई म्हणून पहिल्यांदा त्या बैठकीला बसलो, तेव्हा हिने माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की मी दाद दिली.

दुसऱ्या बाजूला आमच्या शाखेतले हेडकॅशियर. यांच्याकडे सीडी आहेत. एकूण अकराशे. लोखंडी कपाटात, रागवार, नंबर घालून, आणि रजिस्टर वेगळं. कॅशची रोज संध्याकाळी मोजणी होते तशी यांची दर दिवाळीला होते. रेकॉर्ड हा विषय निघाला की ते माझ्याकडे फाटकी नोट बघावी तसे बघतात.

त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. सीडी १९८२ साली जपानात प्रथम विक्रीला आली. आवाजाचं सेकंदाला ४४,१०० वेळा माप घ्यायचं आणि ते आकडे बारा सेंटिमीटरच्या चकतीवर लिहायचे. वाचायला सुई नाही, लेझरचा किरण. प्रकाश पडल्याने काही झिजत नाही. खरखर नाही. आणि आपल्या संगीताच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चौऱ्याहत्तर मिनिटं सलग. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावणार. म्हणजे गवयाने विस्तार करायचा तो घड्याळाकडे डोळा ठेवून. त्यातून रेकॉर्ड बाहेरून आत जाते. मधल्या लेबलाजवळ वर्तुळ लहान होतं, सुईखालून खाच सावकाश सरकते आणि आवाज थोडा फाटायला लागतो. नेमकी तिथेच द्रुत आणि ताना यायची वेळ. सीडी आतून बाहेर जाते, आणि तिला लहान-मोठ्या वर्तुळाचा फरक पडत नाही, कारण ती आपला वेग त्या मानाने बदलत असते. मैफलीत दीड-दोन तास गायलेला राग पुरताच ऐकायचा असेल, तर दोन सीडींत काम होतं. एलपीच्या जमान्यात तेवढ्यासाठी पाच वेळा उठावं लागलं असतं.

पण ते उठणंच मला विचारात पाडतं. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. त्या एलपीत सूर्यास्त ते मध्यरात्र हे अंतर तोडायला पाच सेकंद लागतात, पण ती पाच सेकंदं तुम्हाला स्वतः तोडावी लागतात. उठायचं, सुई उचलायची, तबकडी उलटायची. उलटायची की नाही, हा प्रश्न दर वेळी पडतो. बाबा बहुधा उलटत नाहीत. "आत्ता दरबारी? जेवून झोपा," म्हणतात. सीडीवर असे दोन राग पाठोपाठ असले, तर यंत्र कोणाला विचारत नाही. मारव्याची शेवटची जागा हवेत असतानाच दरबारी येऊन बसतो, एकाच्या काउंटरवर दुसरा खातेदार घुसावा तसा. त्यातून सीडीला पुढे ढकलायचं बटण असतं. हेडकॅशियरना आलाप आवडतो, पण त्यांना वेळ नसतो. ते बटण दाबतात. आलाप वगळून ख्याल ऐकणं म्हणजे पंगतीत नुसता विडा उचलण्यासारखं आहे, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांनी त्या दिवशी मला सुट्टे दिले नाहीत.

मी त्यांच्यासमोर एक हिशोब मांडला. अकराशे सीडी, सीडीला तास धरू, रोज एक तास ऐकायचं. तीन वर्षं आणि पाच दिवस लागतात, तेही मध्ये एकही नवीन घेतली नाही तर. ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "रिटायर झाल्यावर ऐकणार आहे, राव." हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की माझा विनोद तिथेच संपला. आमच्या धंद्यात याला मुदत ठेव म्हणतात.

तिसरा आमचा भाचा. वय बावीस. त्याची पिढी गाणी विकत घेत नाही, भाड्याने ऐकते, फोनवर. तरी त्याने मागच्या वर्षी किशोरीताईंची जुनी एलपी घसघशीत पैसे मोजून आणली. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. रेकॉर्डींना परत असे दिवस येतील असं वाटलं नव्हतं, पण अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्डी जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. ही बातमी मी हेडकॅशियरना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचली. भाच्याकडे वाजवायचं यंत्र नाही. त्याने एलपी फ्रेम करून भिंतीला लावली आहे. भूप दर्शनी. बागेश्री कायमची भिंतीकडे तोंड करून. ऐकायची असली की तो फोनवर लावतो आणि भिंतीकडे बघतो.

म्हणजे तीन संग्राहक. एकाकडे आहे आणि तो झिजेल म्हणून ऐकत नाही. एकाकडे झिजणारं काहीच नाही, म्हणून त्याला घाई नाही. एकाने टांगून ठेवली.

आमच्याकडे अशा खात्यांसाठी नियम आहे. बचत खात्यात खातेदाराने दोन वर्षांच्या वर काही उलाढाल केली नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जमा होते. हा निधी २०१४ सालापासून आहे. पैसे बुडत नाहीत. खातेदार आला, त्याचे वारस आले, तर कागदपत्रं दाखवून परत मिळतात. पण मधल्या काळात ते पैसे तुमच्या नावावर पडून राहिलेत एवढ्यावर बँक समाधान मानत नाही. तिचं म्हणणं, पैसे फिरले पाहिजेत. मला वाटतं, संगीताच्या बाबतीतही एक असा निधी हवा. दहा वर्षं जी रेकॉर्ड लावली नाही, जी सीडी उघडली नाही, ती सरकारजमा. मग ती एखाद्या शाळेत, वाचनालयात, नाहीतर सरळ एसटी स्टँडवर वाजवावी. खंडेनवमीला हळदकुंकू वाहणं ही उलाढाल धरायची नाही.

हा नियम लागू झाला, तर सगळ्यात मोठी अडचण येईल ती एका खात्याची. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. दोन्हींवर एकेक रेकॉर्ड आहे, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर कोणी असलंच, तर त्यांना पृथ्वीचा आवाज ऐकू जावा म्हणून. तिच्यात हिंदुस्थानी संगीताचा एकच तुकडा आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. ज्या केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कधीच उत्साही नव्हत्या, त्यांच्यावर ही वेळ यावी! व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मैफलीच्या शेवटी गायचा राग पुढे पाठवून मग स्वतः निघाल्या.

त्या रेकॉर्डसोबत सुईसुद्धा दिली आहे आणि कशी लावायची त्याची चित्रं कव्हरवर कोरली आहेत. अंतराळात हवा नाही, धूळ जवळजवळ नाही, वाजवणारं कोणी नाही. घसारा जवळपास शून्य. ती कोट्यवधी वर्षं टिकेल असं शास्त्रज्ञ म्हणतात. आपला सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जायला व्हॉयेजरला आणखी चाळीस हजार वर्षं लागतील. आमचे सर हयात असते तर त्यांना मी हे जरूर सांगितलं असतं. सर, आदर्श मालमत्ता मिळाली. फक्त तिचा उपयोग कोणाला नाही.

इथे कोणी म्हणेल, की मग न ऐकता जपणारे सगळे धनावरचे नाग. मीही बरेच दिवस असंच म्हणत होतो. अजूनही हे म्हणणं पुरतं सोडलेलं नाही. पण या नागांचे उपकार आहेत. ७८ फेऱ्यांच्या ज्या रेकॉर्डी लोकांनी आवडीने, रोज, पोलादी सुईने वाजवल्या, त्यांतल्या कित्येकींत आता नुसती खरखर आहे. शंभर वर्षांपूर्वीचं गाणं आज सीडीवर बरं ऐकू येतं, ते कोणीतरी ती रेकॉर्ड कमी वाजवली म्हणून. कुणा घरातल्या कर्त्या पुरुषाने पोरांच्या हातावर चापट्या मारून ती ट्रंकेत ठेवली म्हणून. हेडकॅशियरच्या कपाटातली निम्मी श्रीमंती अशा चापट्यांवर उभी आहे. तेव्हा रसिकांनी ऐकून संपवलं आणि कंजुषांनी शिल्लक ठेवलं, असा हा उलटा न्याय आहे.

पण याच्या विरुद्धही एक दाखला आहे, आणि माझ्या लेखी तो भारी आहे. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकली. रेकॉर्डवर. १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. ती रेकॉर्ड कोणाच्या मालकीची होती? तिच्यावर किती घसारा झाला होता? कोणाकडे नोंद नाही. रेकॉर्ड कोणाची असो, उपयोग तिचा झाला तो तिसऱ्याच माणसाला, आणि त्याच्या मार्फत पुढची सत्तर वर्षं आपल्या सगळ्यांना. ती जर कोणी ठेवणीत ठेवली असती, तर आज एक उत्तम स्थितीतली रेकॉर्ड शिल्लक असती. आणि भीमसेन जोशी कदाचित आमच्यासारखेच कुठेतरी नोकरीला असते. त्यांची सही मात्र झोकदार असती.

म्हणून रेकॉर्ड चांगली की सीडी, या वादात मला कोणाचीच बाजू घेववत नाही. मला वाटतं, सीडी आली तेव्हा जपायची जबाबदारी तिच्याकडे गेली. शिल्लक ठेवायचं काम तिने करावं. आकड्यांना गंज चढत नाही. निदान तसं म्हणतात. कारण हेडकॅशियरनी पंचवीस वर्षांपूर्वी कोऱ्या सीडी आणून घरच्या घरी काही खासगी मैफली उतरवून ठेवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच आता यंत्र ओळखतच नाही. रेकॉर्ड आजारी पडते, कण्हते, खोकते, पण बोलते. घरी उतरवलेली सीडी चालताबोलता जाते. तिला घटत्या शिलकीची पद्धत नाही. हेडकॅशियर आता त्या मैफलींच्या प्रती, प्रतींच्या प्रती करत बसलेले असतात. ही राखणदारी त्यांना शोभते, आणि कोणीतरी करायलाच हवी. पण एकदा ते काम दुसऱ्याने पत्करल्यावर रेकॉर्ड सुटली ना? तिला आता झिजायला हरकत नाही.

हे मी बाबांना सांगितलं. खंडेनवमीचीच वेळ होती, आणि पाट मांडला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अर्थात ऐकून घेतलं म्हणजे किती, हा प्रश्न होताच, कारण वर्षभर त्यांना कमी ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज वाढत वाढत खालच्या मजल्यावर पोचला होता. शेवटी ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही सोबत होतो.

डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला. डावीकडे खर्जाचे आवाज, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडे बरी होती, मग उतरत उतरत उजवीकडे पार तळाला गेली होती. वय झालं की वरचे आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. मग वरून एकेक मजला रिकामा होत जातो. सीडी वीस हजारांपर्यंत सगळं देते, असं हेडकॅशियर अभिमानाने सांगतात. त्यांचं वय छप्पन्न आहे. वरच्या मजल्यावरचं भाडं ते फुकट भरताहेत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

बाबा त्या आलेखाकडे बराच वेळ बघत होते. सेल्स टॅक्समध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "हा तर घसाऱ्याचा तक्ता आहे."

येताना रिक्षात कोणी काही बोललं नाही. रेकॉर्ड कपाटात पन्नास वर्षं जशीच्या तशी राहिली होती. मोजणीत धरायची राहिलेली मालमत्ता दुसरीच होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं, आणि तिघंही रस्त्याकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात कानात यंत्र बसलं. त्यानंतर दोन दिवसांनी बाबांचा फोन आला.

"रविवारी या दोघं. सहाच्या आत या. मावळायच्या वेळी लावणार आहे."

"कुठली?" ही ओरडली.

"ओरडू नकोस, ऐकू येतं. ठेवणीतली."

आम्ही साडेपाचलाच पोचलो. आईंनी शोकेसमधले कप काढले होते. हे त्या घरात मी प्रथमच बघत होतो, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य लक्षात आलं. बाबांनी हात धुतले, पुसले, कव्हरमधून तबकडी दोन तळव्यांच्या कडांवर धरून काढली. काळीभोर, आरशासारखी, पंख्याचं प्रतिबिंब दिसत होतं तिच्यात. सुई त्यांनी स्वतः टेकवली. हात किंचित कापला, पण टेकली बरोबर.

मारवा सुरू झाला. खरखर अशी नाहीच. तंबोरे इतके जवळ, की आईंनी चहा ओतायचा हात थांबवला. बाबा डोळे मिटून, मान थोडी त्या बाजूला करून बसले होते. कानातल्या यंत्राशी त्यांचं अजून पुरतं जमलेलं नव्हतं. मधूनच बोट लावून ते कमीजास्त करत होते. ती जागा जवळ आली. मी हिच्याकडे बघितलं, ही बाबांकडे. जागा आली आणि गेली. टक् झालंच नाही. खाँसाहेब निर्वेधपणे पुढे गेले.

बाबांनी डोळे उघडले. बाजू संपेपर्यंत उघडेच होते. मग सुई उचलली, तबकडी पुसली आणि कव्हरमध्ये घातली.

"कशी आहे?" मी विचारलं.

नवी सून घरात आल्यावर शेजाऱ्यांना सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "चांगली आहे. नवीन आहे अजून. होईल हळूहळू."